आनंदीबाईंचं बोट

सुवर्णा गेली तेव्हा घरच्यांनी ठरवलं, तिच्या आईला कळू द्यायचं नाही. आनंदीबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पक्षाघातानंतर त्या आमच्याकडेच, नारपोलीत खाटेवर असतात. वाचा गेली, उजवं अंग गेलं. त्यांना हा धक्का सोसायचा नाही, असं सगळे म्हणाले. मी सांगितलं, सुवर्णा काल्हेरला भाचीच्या, रंजिताच्या बाळंतपणाला गेलीय. भेटायला येणाऱ्या बायकांना मी शेजारी मोरूदादाच्या ओट्यावरच बसवायचो. घरात कुणाचं रडू नको.

आम्हाला मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला. दहाव्याला केस उतरवले आणि घरात टोपी घालून वावरू लागलो.

त्याच दिवसापासून सासूबाईंनी तोंड मिटलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करून नळी घालावी लागेल. ज्या दवाखान्यातून बायकोला चादरीत गुंडाळून आणलं, तिथं मला परत जायचं नव्हतं. आणि नळी घातली तर त्या परत येतील का, हेही कोण सांगणार?

सकाळी पेज केली. चमचा नेला की त्या मान फिरवायच्या. मग डाव्या हाताचं बोट नाकाखाली, वरच्या ओठावर फिरवायच्या. एकदा, दोनदा, सारखं. मला वाटलं, तोंड दाखवतायत, भूक लागलीय. चमचा पुढं केला की पुन्हा मान भिंतीकडे. नाक पुसून दिलं. पाणी दिलं. तंबाखूची मिसरी हवी असेल म्हणून डबी धरली, ती त्यांनी हातानं उडवली. सुवर्णाला त्यांच्या नुसत्या बघण्यावरून कळायचं. मला काही कळेना. मागच्या गाळ्यातले कापडाचे लूम धडधडत होते. मी उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो.

मोरूदादाची बायको चंद्रावहिनी डोकावली. वाटीत बघून म्हणाली, "भावजी, ही पेज हाय का सुताला लावायची खळ?"

"वहिनी, मस्करी नको. ती खात न्हाय. सारखी तोंड दाखवते आन् घास घेत न्हाय."

"बघू." वहिनी खाटेवर बसली. "काय गं आये, काय पायजे?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मला हातानं खुणावलं, खाली वाक. मी वाकलो. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तेच बोट माझ्या वरच्या ओठावर फिरवलं, जिथं तीस वर्षं मिशी होती. मग बोट तिथंच दाबून धरलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या.

टोपीनं डोकं झाकलं होतं मी. मिशीचं ध्यानातच आलं नव्हतं.

"कळलंय तिला," वहिनी हळूच म्हणाली. "दहाव्यापासून कळलंय."

मी टोपी काढली. फक्त मान हलवली, हो. सासूबाईंनी माझी मान ओढून खांद्यावर घेतली. एका हातात एवढा जोर कुठून आला, कुणास ठाऊक. रडण्याचा आवाज त्यांना काढता येत नाही, नुसती छाती हलत होती. माझ्या तोंडातून मात्र आवाज निघाला, बाहेर ओट्यापर्यंत गेला असेल.

वहिनी उठून गेली. आली ती ताटलीत भात आणि डाळ घेऊन, मागं ओट्यावरच्या दोन बायका.

"भावजी, सरका. पोरगी गेली आन् आईला कडू घास कुणी भरवलाच न्हाय. ती कशी खाईल?"

मेल्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी आणलेला पहिला घास खायचा असतो. तो आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता, याच घरात, पलीकडच्या खोलीत, दार लावून.

वहिनीनं भात कालवून घास पुढं केला. सासूबाईंनी आधी त्या बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. अर्धा भात उजव्या बाजूनं खाली सांडला. वहिनीनं पदरानं पुसून दुसरा घास केला.