नलूचे फिरते डोळे

माझ्या सासूबाईंनी, मीराबाईंनी, निकाल देऊन टाकला होता. आठ महिन्यांच्या नलूचे डोळे बाधलेत. रविवारच्या बोटीने त्या तिला देवगडला नेणार आणि तिथला घाडी डोक्यावरून तांदूळ उतरून बाधा काढणार. पाऊस लागला की बोटी बंद, म्हणजे पोर नारळी पुनवेपर्यंत तिकडेच. ती अजून अंगावर पिते, असं मी हळूच म्हटलं.

"गावाक बकरी आसा," त्या म्हणाल्या.

माझी जागा बकरी घेणार होती.

नलूचा दोष एवढाच. आमच्या लालबागच्या चाळीच्या रस्त्याकडच्या गॅलरीत तिला कडेवर घेऊन उभं राहिलं, की तिची बुबुळं हळूच एका बाजूला सरकायची, झटक्याने परत यायची, पुन्हा सरकायची. घरात मात्र शहाण्यासारखी माझ्या नाकाकडे बघत बसायची. बाधा गॅलरीतच कशी येते, ते घाड्यालाच ठाऊक.

शुक्रवारी संध्याकाळी खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा फाउंटनकडे निघाला आणि त्याच वेळी गिरणीची दिवसपाळी सुटून परळकडे वळली. रस्ता एकच, माणसं एकमेकांत घुसलेली, तरी वरून मला एकमेकींवरून सरकणाऱ्या दोन चादरी दिसत होत्या. मोर्च्याच्या चादरीवर नजर धरली की पाळीवाली मागे पुसट व्हायची. पाळीवाली धरली की मोर्चा विरायचा. दोन्ही एकदम काही धरता येईनात. आमचे हे नेमके कुठल्या चादरीत आहेत, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.

सासूबाईही मुलालाच शोधत होत्या. सहज त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांची बुबुळं हळूच सरकत होती आणि झटक्याने परत येत होती.

सासूच्या डोळ्यांत दोष काढायचा तर साक्षीदार बाहेरचा लागतो. मी शेजारच्या अंबिकाकाकूंना बोलावलं.

"मीराबाय, तुमचे पण फिरतत गो," काकू म्हणाल्या.

सासूबाई भडकल्या. त्यांनी काकूंची हनुवटी धरून तोंड रस्त्याकडे वळवलं. काकूंचेही फिरत होते. मग माझे तपासले, मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या कौसल्येचे. खाली घोषणा चालल्या होत्या आणि आमच्या मजल्यावरच्या बायका एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या. डोळ्यांची साथ आली काय, असं खालून कुणीतरी विचारलंसुद्धा.

एकटं पोर बाधतं, हे सासूबाईंना पटत होतं. अख्खा मजला बाधला, आणि त्यात त्या स्वतः, हे काही पटेना.

"बोट ऱ्हवांदे," त्या शेवटी म्हणाल्या. "घाड्याक इतके तांदूळ खंय गावतले?"

देवगडच्या बकरीचं काम सुटलं.

नलूची नजर अजून कुठल्यातरी चादरीबरोबर सरकत होती. मी मध्ये तोंड घातलं, तशी ती थांबली. मोर्चा गेला, पाळी गेली, आणि तिने माझं नाक धरलं.