ज्येष्ठमधाची चाखणी

आमच्या मस्तगडातल्या दुकानात सगळी वाळलेली मुळं. अश्वगंधा, शतावरी, वेखंड, ज्येष्ठमध. पाटीवर नाव आमच्या ह्यांचं, जेठमल काष्ठौषधी भांडार, आणि ह्यांच्या तोंडी कायम एकच वाक्य: झाडाच्या मुळीनं कुणाचं वाईट होत न्हाई. बरं बाई, न्हाई होत.

पण दिवाळीपासून ह्यांचं बीपी काही उतरायचं नाव घेईना. डॉक्टरनं गोळी वाढवली, परत वाढवली, मंग माझ्याकडं वळून म्हणाला, "पानबाई, जेवणात मीठ जास्त पडतंय." झालं! सून कनिकानं मिठाचा डबा माळ्यावर नेऊन ठेवला. कढी अळणी, डाळ अळणी, पापड बंद. तरी बीपी वरच. मंग सगळ्या घराची खात्रीच पटली, की मी ह्यांना चोरून पापड भाजून देऊन राह्यले. सगळा जन्म ह्या चुलीपुढं घातला, आणि म्हातारपणी पापडचोर! असा संताप आल्ता, काय सांगू.

काल परत दाखवायला गेलो. हा आळ धुऊन काढल्याशिवाय उठायचं न्हाई, असं मी ठरवूनच गेल्ते. तेवढ्यात डॉक्टरलाच खोकल्याची उबळ आली. ह्यांनी लगेच खिशातून ज्येष्ठमधाची कांडी काढून त्याच्यापुढं धरली. चघळलेली नव्हती, एवढं नशीब.

डॉक्टरनं कांडीकडं बघितलं, मंग ह्यांच्याकडं. रोज खाता का, म्हणून विचारलं.

"खातो कुठं? गिऱ्हाइकाला चाखून दाखवतो. माल गोड हाय हे कळायला नको?"

आणि गिऱ्हाईक तर दिवसभर येतं.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. घसा धरला तर थोडे दिवस चघळायला हरकत न्हाई, म्हणाला, पण ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर बीपी चढतं, अंगातलं पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्यानं बिलकुल घेऊ नये. मुळी झाली तरी ते औषधच, काय काय घेता विचारलं की तेही सांगायचं. ह्यांचं मीठ कमीच राहू द्या, पण बाकीच्यांनी काय पाप केलंय?

मी पदर सावरला आणि उठले.

आता गिऱ्हाइकानं स्वतःच चाखायचं, आणि त्याआधी बीपी हाय का ते सांगायचं, असा नेम मी दुकानाला घालून दिलाय.

संध्याकाळी कनिकानं मिठाचा डबा खाली काढला, पापड भाजले. ह्यांची अळणी कढी वेगळी, माझ्या वाटीत बराबर मीठ. हे टक लावून बघत राह्यले. शेवटी न राहवून म्हणाले, "मीठ नीट पडलंय का, बघू जरा?"

"थांबा," मी म्हणलं, "चाखून दाखवते."