ओल्या तळहातावरचं पान

मुकद्दस वीसाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तापकरी, लुळे, मूल न होणाऱ्या बायका. नाईलच्या पलीकडच्या गावांतूनही माणसं होड्यांनी आली होती. वीसा जेरुसलेमची यात्रा करून आलेला, म्हणून सगळे त्याला मुकद्दस म्हणायचे. त्याआधी तो गाढवं विकायचा, आणि बोलणं अजून तेच होतं.

वर्षापूर्वी डोंगराच्या पायथ्याशी खताची माती खणताना त्याला एक मडकं सापडलं. आत पपायरसची, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची पोथी होती, ग्रीक अक्षरांची. आम्हा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेची लिपी ग्रीकवरूनच आलेली. त्यामुळे मला येशूच्या नावाची खूण लगेच ओळखता आली.

"ही सुवार्ता आहे, फार जुनी," मी त्याला म्हणालो. "कैरोच्या संग्रहालयाला कळव."

"मास्तर, संग्रहालयाला काय दुखतंय? दुखणी तर इथे आहेत."

मग तो पानाची पातळ पट्टी सोलायचा, निखाऱ्याजवळ शेकायचा आणि रोग्याच्या तळहातावर ठेवायचा. पट्टी हळूच डोकं उचलायची, बोटासारखी वळायची.

"संत उठून बसले बघ. दुखणं स्वीकारलं त्यांनी. आता डॉक्टरकडे गेलीस तर त्यांचा मान कुठे राहिला?"

मग ती पट्टी पाण्यात चुरून प्यायची. मोबदला एक कबुतर. जिच्या हातावर पट्टी हलायची नाही तिच्या मनात पाप असायचं. तिने पुढच्या रविवारी दुसरं कबुतर आणायचं.

मी कॉफीच्या दुकानात बसून वीसाची नक्कल करायचो. लोक हसायचे आणि उठून त्याच्याकडे जायचे. पट्टी का वळते, हे बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. एवढा दोष माझाही.

जूनमध्ये माझ्या बहिणीच्या, दिम्यानाच्या मुलीला विंचू चावला. बर्बारा सात वर्षांची. शेणाच्या गोवऱ्या उचलायला गेली होती. मला शाळेत निरोप आला तोवर दिम्यानाने तिला वीसाकडे नेलं होतं. मी नावाड्याला थांबवून ठेवलं आणि धावत अंगणात शिरलो. पोर घामाने निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती.

"ऊठ, होडी उभी आहे. पलीकडे दवाखान्यात इंजेक्शन आहे."

"एवढं पान बघू दे, दादा. मग जाऊ."

वीसाने पट्टी ठेवली. ठेवली न ठेवली तोच ती दुमडून उभी राहिली. इतक्या झटकन ती कधीच वळली नव्हती. बायकांनी जिभा घोळवत आनंदाचा चीत्कार केला. वीसासुद्धा क्षणभर गडबडला, मग म्हणाला, "बघितलंत? असा कौल वर्षात कुणाला मिळाला नाही."

दिम्याना रडता रडता हसत होती. मी बर्बाराला हात धरून ओढलं, तर तिथल्या तिघा पुरुषांनी मला अंगणाबाहेर काढलं. माझा तळवा तिच्या घामाने चिंब झाला होता. दुपारची होडी सुटायच्या आत पोर गेली.

तिच्या तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मी पलीकडच्या डॉक्टर फिक्रींना विचारलं, "इतका घाम का आला होता तिला?"

"विंचवाच्या विषानेच येतो. विष जितकं भिनतं तितका घाम."

परत येताना होडीत मला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात मी दोन विटा ठेवल्या, एक कोरडी, एक भिजवलेली. एका शेजारणीने न पिता जपून ठेवलेली पट्टी मागून आणली होती. कोरड्या विटेवर ती पडून राहिली. ओल्या विटेवर वळली. परत वाळवली, तर माझ्या कोरड्या हातावर नाही. हात भिजवला, वळली.

"खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची कोरडीच राहते, म्हणून ती वळते," मी म्हणालो. "यात संत नाहीत, घाम आहे."

मग म्हातारी उम्म अबादीर म्हणाली, "वीट चर्चची आहे ना, मास्तर. तिच्यावर वळणारच." माना डोलल्या.

दिम्याना पुढे आली. "म्हणजे ती मरत होती म्हणून पट्टी वळली?"

"हो."

"मग मी तिथे कशासाठी बसले होते, दादा?"

ती तिथून सरळ वीसाच्या दारात जाऊन बसली. अजून रोज बसते. माझं म्हणणं खरं मानलं, तर तिला जगायला काय उरतं? म्हणून तिच्यावर मी रागवू शकत नाही.

हिवाळ्यात कैरोहून एक अभ्यासक आला. पोथी सतराशे वर्षांपूर्वीची, असा त्याचा अंदाज. साठेक पानांपैकी दोन उरली होती.

"बाकीची कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"गावाने प्यायली," मी म्हणालो.

परवा एक तरुण बाई ताप आलेलं मूल घेऊन माझ्या दारी आली. "मास्तर, पान तुमच्याही हातावर वळलं म्हणे. माझ्या बाळाला तुम्हीच ठेवा. तुम्ही कबुतर घेत नाही."

मी तिला होडीत बसवलं. ती गेली, पण वळून वळून माझ्या हाताकडे बघत होती.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. कुणी चमत्कार दाखवला तर तीच वस्तू स्वतःच्या हातात घ्या, कोरडी करून बघा, ओली करून बघा, आणि हे माणूस आजारी पडायच्या आधी करा. मी नंतर केलं.