पानं येईपर्यंत थांब

मी एक जुना भूर्ज आहे. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात, चार मजली इमारतीच्या अंगणात उभा. मित्रांनो, माझी गोष्ट तुटक आहे. दर हिवाळ्यात मी झोपतो आणि गोष्टीची तेवढी पाने कोरी राहतात.

पहिली आठवण ओल्या मातीची. मी काठीएवढा होतो. आउने नावाच्या तरुणीने मला लावले, आणि डांबर माझ्यापासून चार हात लांब राहावे म्हणून ती कामगारांशी भांडली. माझी मुळे उथळ. त्यांना गारवा लागतो.

(बर्फ. काही आठवत नाही.)

मग मी खिडक्यांच्या वर गेलो. जून आला की लोक माझ्या कोवळ्या डहाळ्यांच्या जुड्या बांधत आणि वाफेच्या खोलीत अंगावर हलके मारून घेत. सगळी इमारत माझ्या वासाने भरे.

(बर्फ.)

एका एप्रिलमध्ये सगळे रहिवासी अंगण झाडायला उतरले. तळमजल्यावरच्या तार्मोने उत्साहाच्या भरात माझी एक फांदी कापली. जखमेतून पाणी ठिबकू लागले. आठवडा झाला, थांबेना.

"आतून कुजलंय हे," तार्मो म्हणाला. "कुणाच्या डोक्यावर पडलं म्हणजे? सोमवारी माणसं येतायत. मुळापासून काढू."

आउने आता ऐंशीची. तिने जखमेखाली पेला धरला, भरू दिला आणि निम्मा पिऊन टाकला.

"अहो आजी, हे काय!"

"कुजलेलं गोड लागतं का रे? घे, चाख. झाड जागं होताना रस वर चढतो. शहाण्या, नेमकं तेव्हाच कापलंस, आणि वर त्यालाच आजारी म्हणतोस!"

तार्मोने घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"पानं येईपर्यंत थांब," ती म्हणाली. "तरी ठिबकलं, तर करवत मी आणून देईन."

मित्रांनो, पाने आणायची एवढी घाई मी जन्मात केली नव्हती. मे महिन्यात ती उमलली. ठिबकणे थांबले. तार्मो बादलीभर पाणी मुळाशी ओतून गेला.

(बर्फ. फार लांब.)

यंदा जागा झालो, तेव्हा आउनेची खिडकी बंद होती. एक नवा भाडेकरू करवत घेऊन माझ्याकडे आला.

"ए, हात लावू नकोस!" तार्मो घरच्या चपलांतच धावत आला. "जागं होतंय ते. पानं येईपर्यंत थांब."

मित्रांनो, तुमच्या दारच्या झाडासाठीही कुणीतरी असेच धावत येवो.