आरशात दिसेल असं उभं राहा

माझी आई आणि भैरूनाना अठरा वर्षांत एकमेकांशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. भांडण अजिबात नाही. भैरूनाना म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणजे आईचे थोरले दीर, आणि आमच्यात थोरल्या दिराशी सून थेट बोलत नाही. अंगण एक, नळ एक, गोठा एक, पण बोलणं माझ्यामार्फत. आई चुलीपाशी म्हणणार, हर्षदा, नानांना सांग, च्या झालाय. नाना दोन हातांवर बसलेले, त्यांना ते ऐकू आलेलं असतं. तरी मी जाऊन सांगायचं. मग नाना म्हणणार, आईला म्हणावं साखर कमी टाक. तेही आईनं ऐकलेलं असतं. मी तिसरीत होते तेव्हा एकदा गंमत म्हणून 'साखर जास्त' असा निरोप दिला होता. चहा कमी साखरेचाच आला.

तर आमच्या वडगाव रासाईत आईला सगळे गाडीवाली रंभा म्हणतात. आण्णा, म्हणजे माझे वडील, रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळे आमचा पिकअप सहा वर्षं आईच चालवते. तळेगाव ढमढेरेच्या बाजारात ती भाजी घेऊन पोचते तेव्हा पुरुषमाणसं अजून तोंड धूत असतात. म्हणून जेव्हा कृषी विद्यापीठाच्या केंद्राला माती तपासायच्या फिरत्या गाडीसाठी चालक पाहिजे अशी जाहिरात आली, तेव्हा मी आईला विचारलंच नाही. फॉर्म भरला, फोटो चिकटवला आणि सहीपुरतं तिच्यासमोर धरला. शिरूर आणि दौंड, दोन तालुक्यांत रोज नवीन गाव, पगार महिन्याला खात्यात. आई म्हणाली, "मला कोण घेतंय." पण सही मात्र पूर्ण नावानं केली, रंभा लांबलचक, शेवटच्या कान्याला शेपूट काढून.

ट्रायलच्या आधी त्यांनी सगळ्या उमेदवारांना एक पुस्तिका पाठवली. विद्यापीठाच्या कामासाठी वाहन चालवण्याचे नियम, बावीस पानं. आई भाकरी थापत असायची आणि मी तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायचे. निघण्याआधी गाडीभोवती पायी पूर्ण फेरी मारावी. प्रत्येकाचा पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू करू नये. फोन बंद. बाहेरचा माणूस गाडीत घेऊ नये. दोन तास चालवल्यावर उतरून विसावा घ्यावा. मला तर ती पुस्तिका इतकी आवडली की मी घरातही लागू केली. आबा, म्हणजे आजोबा, खाटेवरून उठले की मी म्हणायचे, आबा, आधी खाटेभोवती एक फेरी. आबा काठी उगारायचे, पण हसायचे.

नियम चौदावा असा होता: गाडी मागे घेताना मागे एकच मार्गदर्शक असावा. त्याने चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला तर गाडी जागेवर थांबवावी.

हे ऐकून आबा म्हणाले, ह्यात विद्यापीठानं नवीन काय सांगितलं? आबांनी तरुणपणी मेंढरं राखलीत, भीमेच्या पाण्यातून कळप पलीकडं नेलाय. ते म्हणाले, "कळप पाण्यात घालताना हाक एकाचीच पायजे. दोघं वरडलं की मेंढरं मधीच फिरत्यात, आन् वाहून जात्यात."

आईचं तव्यावरचं लक्ष उडालं. भाकरी उलटायची राहिली आणि करपली.

कारण चारच दिवसांपूर्वी तेच झालं होतं. आई पिकअप अंगणात मागे घेत होती. आता आमच्या गावात कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की ती सगळ्या गावाची जबाबदारी असते. चहा पिणारा कप ठेवून येतो. पाच जण मागे उभे राहिले आणि पाचही जण एकदम सुरू, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, अहो तुमच्या न्हाई माझ्या डावीकडं. सगळ्यात मोठा आवाज भैरूनानांचा. त्यांचा आवाज असा की ते अंगणात खोकले तर नदीवरचे बगळे उडतात. नाना 'येऊ द्या' म्हणत राहिले आणि आईनं येऊ दिलं, ते सिमेंटच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मागचा दिवा फुटला. नाना म्हणाले, हर्षदे, आईला सांग, अंदाज चुकला तिचा.

काचा गोळा करताना आई मला हळूच म्हणाली, "मला दिसत न्हवतं गं. समदे गप बसा म्हणायचं हुतं. तोंडातनं आलंच न्हाई."

मला तेव्हा कळलं की आईची अडचण गाडी नाहीच. गाडीचं तिला सगळं येतं.

मग आम्ही रोज संध्याकाळी ओढ्याकडच्या मोकळ्या रानात सराव सुरू केला, जिथं मदत करायला कुणी येत नाही. मी मागे, आरशात. दोन्ही हातांचे तळवे माझ्याकडं हलवले म्हणजे ये. एक हात बाजूला म्हणजे तिकडं वळ. उजवा हात ताठ वर म्हणजे थांब. पहिल्या दिवशी मी लाजत, कोपरातून वाकवून हात वर करायचे, वर्गात उत्तर येत असूनही करते तसा. आई खिडकीतून म्हणाली, असा काय मेल्यावाणी हात, मला दिसला पायजे. मग मी केला ताठ. आणि एवढा मोठा पिकअप माझ्या एका हातापुढे जागेवर थांबला. काय सांगू, त्या आठवड्यात मी वर्गातही हात ताठ वर करायला लागले, उत्तर येत नसलं तरी.

हाच माझा अति उत्साह नडला. ट्रायल दिवाळीच्या सुट्टीत आली. परीक्षक आमच्याच गावच्या एका मळ्यात गाडी मागे घ्यायला लावणार असं कळलं आणि मी सकाळी स्टेटस टाकलं: आज अकरा वाजता माझ्या आईची ट्रायल, आशीर्वाद असू द्या. लोक आशीर्वाद द्यायला जातीनं हजर झाले.

मळ्याची वाट जेमतेम गाडीएवढी. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाण्याची चारी, आणि टोकाला विहीर. तिथून मातीचा नमुना घ्यायचा, म्हणून गाडी विहिरीपर्यंत मागे न्यायची. परीक्षक महेंद्र सर, सडपातळ, हातात फळी आणि तिला लावलेला कागद. उमेदवारासोबत आलेल्यानं लांब उभं राहायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही, असं त्यांनी मला आधीच बजावलं. पहिला उमेदवार दौंडचा विक्रम. लोक ओरडत होते, त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्या ओरडण्यातच एका दमात गाडी मागे नेली. चाक चारीच्या काठावरून गेलं, माती ढासळली, पण गाडी पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग आई. तिनं गाडीभोवती फेरी मारली, चारही टायर बघितले, आत बसली, पण गाडी काही सुरू होईना. नंतर तिनं सांगितलं की शेजारी बसलेल्या सरांनीच पट्टा लावला नव्हता. आई त्यांना म्हणाली, सर, नियम दुसरा. सर गडबडीनं पट्टा शोधायला लागले. बघा, साहेबाला सांगायला ती घाबरली नाही.

गाडी हळूहळू मागे यायला लागली आणि आमचं गाव कामाला लागलं. दहाबारा माणसं वाटेत, उसात, चारीच्या पलीकडं. येऊ द्या, येऊ द्या. आणि सगळ्यांच्या वर भैरूनाना. टाकीचं त्यांच्या मनाला लागलं होतं. भावजयीला पास करायचंच म्हणून आज ते डाव्या आरशाकडून उजव्या आरशाकडं पळत होते आणि दोन्हीकडून ओरडत होते. मला ओरडता येत नव्हतं. मी स्वतःचा हात ताठ वर केला, पण मी इतकी लांब होते की कुठल्याच आरशात नव्हते.

विहिरीपासून दहा पावलांवर गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

आई किल्ली काढून खाली उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला. ओरडणं आपोआप विरलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं माझं तोंड उघडलंच, आता निरोप माझ्याकडं येणार, हर्षदा, नानांना सांग. सरांनी सांगितलेलं असूनही मी एक पाऊल पुढं टाकलं. पण आईनं नजर माझ्यावरून काढली आणि नानांकडं वळवली.

"भाऊजी," ती म्हणाली.

शेजारच्या पुतळाबाईंनी तोंडाला पदर लावला. नाना मागे वळून बघायला लागले, की हाक दुसऱ्या कुणाला आहे काय.

"भाऊजी, मागं एकच माणूस पायजे. बाकीच्यास्नी बाजूला काढा. आन् तुम्हीच उभं ऱ्हावा, उजव्या आरशात दिसाल असं. बोलू नगा. नुसता हात करा."

शब्द एकही गळला नाही. नाना तिच्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, आता घर फुटलं. मग नाना फिरले आणि बाकीच्यांवर गरजले, चला रे, व्हा बाजूला, ऐकलं न्हाई का? ती त्यांची त्या दिवसातली शेवटची गर्जना.

ते आरशाच्या रेषेत जाऊन उभे राहिले. ओठ असे घट्ट मिटले होते की मिशीची दोन्ही टोकं वर आली. दोन्ही हातांचे तळवे स्वतःकडं, ये, ये. गाडी आली. मधे ते चाक बघायला म्हणून वाकून बाजूला झाले आणि गाडी तिथंच गपकन थांबली. नाना दचकले. काय झालं ते त्यांना क्षणभर उमगेना. मग परत जागेवर आले आणि गाडी परत हलली. ते हळूच पुन्हा एकदा बाजूला झाले, नुसतं बघायला. गाडी पुन्हा थांबली. लहान पोराला नवीन खेळणं मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला. विहिरीच्या कठड्यापासून तीन हातांवर त्यांनी उजवा हात ताठ वर केला. मी कधी केला नव्हता इतका ताठ.

सरांनी उतरून चाकांच्या खुणा बघितल्या. वाटेच्या मधोमध होत्या. मग ते कागदावर काही लिहीत म्हणाले, इथं मार्गदर्शकाचं नाव लिहायचं असतं, पहिल्या उमेदवाराचा रकाना रिकामाच राहिला. नानांनी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि सर लिहिताहेत की नाही ते वाकून बघितलं.

नवव्या दिवशी दुपारी केंद्रातून फोन आला. सहा महिने बघून कायम करू, सोमवारपासून या. आईनं फोन ठेवला आणि परातीतलं पीठ मळायला घेतलं, जे आधीच मळून झालेलं होतं. आबा खाटेवरून म्हणाले, सोमवारी निघताना गाडीभोवती फेरी मार म्हणावं. आण्णांना कंपनीत फोन लावला तर ते मशीनच्या आवाजात "काय? काय?" एवढंच म्हणत राहिले. पण संध्याकाळी पेढे घेऊन आले, म्हणजे ऐकू गेलं होतं.

पेढे घ्यायला नानाही आले आणि ओट्यावर बसले. चुलीवर चहा उकळत होता. मी सवयीनं दारात उभी राहून म्हणाले, नाना, आई विचारतीये, साखर किती टाकू?

नाना पेढा चघळत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून चुलीकडं बघितलं.

"तुला कशाला मधी पायजे?" ते म्हणाले. "तिला तोंड हाय की."

आत आईचा चमचा थांबला. मग ती म्हणाली, "भाऊजी, कमीच ना?"

"आज व्हऊ दे जास्त," नाना म्हणाले.

आईची नोकरी लागली त्याच दिवशी माझी गेली. मी पातेल्याकडं हात नेला, तर आई म्हणाली, सरक, मी देते, आणि कप घेऊन स्वतः ओट्यावर गेली.