भिंगरीच्या नावाचा पासवर्ड

बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. आई दिवसभरात दोन-चार शब्द बोलायची, ते सगळे साडेपाचच्या व्हिडिओ कॉलवर, धाकट्या लेकीशी. थोरली त्याच घरात राहायची, औषधं द्यायची, भांडी घासायची. तिच्या वाट्याला नुसतं "हं" यायचं.

त्यात बाबांनी बसवलेला राउटर आचके देऊ लागला. नवा आणला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, नाव तेच, पासवर्ड तोच ठेवा. घरात कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

पासवर्ड तिला ठाऊकच नव्हता. बाबा नेहमी "फोन दे इकडे" म्हणत आणि स्वतःच जोडून देत. जुना राउटर उलटा केला, तर पोटाला कागदी पट्टी होती. बाबांचं तिरकं अक्षर, इंग्रजीत: भिंगरी, धाकटीचं लाडाचं नाव, आणि पुढे तिचं जन्मसाल.

म्हणजे इतकी वर्षं या घरातलं सगळं धाकटीच्या नावाने उघडत होतं. बाबांच्या उशाशी बसून रात्री काढल्या कुणी, आणि नाव कुणाचं!

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टॅब वाजला. भिंगरीने आज वीस मिनिटं आधीच फोन केला होता.

"काय आईसाहेब, आज केस विंचरलेले दिसतात!"

"चल, आगाऊ कुठली," आई म्हणाली. आणि चक्क हसली.

थोरलीच्या हातातल्या राउटरचा हिरवा दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. आता कुठल्याही क्षणी बंद पडेल. पडू दे, तिच्या मनात आलं. एक दिवस तरी आई माझ्याकडे बघेल.

"अगं, तू अशी थांबलीस का?" बाहेर आईचा आवाज चिरकला. "भिंगरे? गेली का गं?"

हाच आवाज थोरलीने तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलात ऐकला होता.

तिने स्वतःचा फोन काढला, हॉटस्पॉट उघडला, त्याला घरच्या वायफायचं नाव दिलं आणि पासवर्डात एकेक अक्षर दाबत भिंगरी आणि पुढे ते जन्मसाल लिहिलं. मग जुन्याची पिन उपटली. टॅबला फरक कळला नाही. त्याने ओळखीचं नाव दिसताच फोन धरला.

"आलीस! कुठे गडप झाली होतीस?"

"इथेच आहे की. ताई कुठेय?"

"असेल आत. काहीतरी खुडबुड चाललीय तिची."

दोघींचं बोलणं थोरलीच्या तळहातातून जात होतं. फोन तापला, तरी तिने तो खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने नव्याला वायर लावली, तेच नाव, तोच पासवर्ड भरला, दिवा स्थिर झाल्यावर हॉटस्पॉट बंद केला. चित्र क्षणभर अडखळलं आणि पुढे चाललं.

"ताईला सांग, जरा बस म्हणावं," भिंगरी म्हणत होती.

थोरली बसलीच होती, जुना राउटर मांडीवर घेऊन. नव्याला पट्टीची गरज नव्हती, पासवर्ड आता तिला पाठ होता. नखाने कड उचलत, न फाडता, तिने बाबांचं अक्षर सोडवलं आणि फोनच्या कव्हरमध्ये आतल्या बाजूला चिकटवलं. नाव भिंगरीचं असलं तर असो. अक्षराबद्दल ती भिंगरीला सांगणार नव्हती.