जमणार नाही म्हणा

सातिवलीच्या खोक्यांच्या कारखान्यात साहेबांनी कृतिकाला विचारलं, "डिझाइनचा कोर्स करता का? तुम्हाला सहज जमेल." हे ऐकलं आणि तिचा उत्साहच मावळला.

असं का झालं, ते तिला संध्याकाळी गासच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, पाण्यात पाय सोडून बसल्यावर उमगलं. आजवर ती जे काही शिकली, ते कुणीतरी डिवचल्यामुळेच. याच काठावर चुलतभाऊ उमंग म्हणाला होता, "तू तर बुडणारच!" त्या रागात ती पाण्यात उतरली आणि पोहायला शिकूनच थांबली. काकू म्हणाली, "स्कूटर म्हणजे खेळ नव्हे," तर पुढच्याच महिन्यात तिने काकूलाच मागे बसवून बाजारात नेलं. गाण्याच्या बाई मात्र पहिल्या दिवसापासून कौतुक करत राहिल्या, आणि तो क्लास कधी सुटला ते तिलाही कळलं नाही.

म्हणजे पुढे काय करायचं ते आता स्पष्ट होतं. केळींना पाणी लावणाऱ्या वडिलांना तिने हाक मारली.

"पप्पा, मला एक कोर्स करायचाय. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, तुला जमणार नाही."

हरिभाऊंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. "नाही गं बाई, असलं खोटं माझ्या तोंडून निघत नाही."

"मग माझं व्हायचं कसं?" ती चिडलीच.

"उमंगला फोन लाव," हरिभाऊ हसत म्हणाले. "तुझ्या पोहण्याच्या वेळीही त्याला मीच पढवून पाठवला होता."